डोक्यावर तबकडी घेतलेलं ॲव्हरो आणि आमच्या कॉलेजच्या नावातले वालचंद

सांगलीच्या वालचंद कॉलेजमध्ये मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूत एका पॅनेलने सहज विचारलं, की तुमच्या कॉलेजच्या नावातले हे वालचंद कोण? मी साखर कारखानदार असं ठोकून दिलं. आमच्याकडे मोठा माणूस म्हटलं की साखर कारखानाच डोळ्यांसमोर येतो, त्याला मी तरी काय करणार! उत्तर अगदीच चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. उरलेला भाग मला कळला तो फार नंतर, आणि तोही एका विचित्र विमानाच्या फोटोमुळे.

ऑफिसच्या कामासाठी रडारच्या सिग्नल प्रोसेसिंगबद्दल वाचत होतो. त्यात ॲव्हरो एचएस-७४८ या जुन्या प्रवासी विमानाचा फोटो समोर आला. दोन पंख्यांचं साधंसुधं विमान. पण त्याच्या पाठीवर दोन टेकूंवर एक भलीमोठी तबकडी बसवलेली, साधारण ७.३ मीटर रुंद आणि दीड मीटर जाड. लग्नाच्या जेवणातली परात कुणीतरी बगळ्याच्या पाठीवर ठेवावी तसं ते दिसत होतं. डीआरडीओने बंगळूरमध्ये तयार केलेली ही उडती प्रयोगशाळा. १९९० साली ते त्या तबकडीसकट उडालं आणि पुढची बरीच वर्षं त्याच्याविषयी फार बोललं जात नव्हतं.

प्रवासी विमानावर असा बोजा का चढवायचा, हे आधी समजून घेऊ. जमिनीवरच्या रडारची मोठी अडचण म्हणजे पृथ्वी गोल आहे. रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात, त्यामुळे क्षितिजाखाली लपलेलं विमान त्यांना दिसत नाही. ढोबळ हिशेब असा: अँटेना १० मीटर उंचीवर असेल आणि शत्रूचं विमान जमिनीपासून १०० मीटरवरून येत असेल, तर ते ५४ किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. वेगवान विमानाला हे अंतर कापायला तीन-चार मिनिटं लागतात. तोच अँटेना ६,००० मीटरवर नेला तर तेच विमान ३६० किलोमीटरवरून दृष्टीच्या टप्प्यात येतं. कृष्णेच्या घाटावर उभं राहून काय दिसतं आणि दंडोबाच्या डोंगरावरून काय दिसतं, एवढाच हा फरक.

पण वर गेलं की दुसरी कटकट सुरू होते. खाली बघणाऱ्या रडारला शेतं, डोंगर, घरं, ट्रक असं सगळंच परत आवाज देतं. त्या गोंगाटातून हलणारं विमान वेगळं काढायचं तर परत येणाऱ्या लहरीच्या वारंवारतेत झालेला बारीक बदल पकडावा लागतो. हे गणित कागदावर जमतं. खऱ्या हवेत, खऱ्या डोंगरांवर जमतं की नाही, हे उडून बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या धंद्यात नवीन कोड थेट ग्राहकाच्या सर्व्हरवर टाकत नाहीत, आधी स्टेजिंगवर चालवून बघतात. रडारवाल्यांचं स्टेजिंग म्हणजे जुनं प्रवासी विमान. आत खुर्च्या काढून कन्सोल लावता येतात, पाच-सहा इंजिनिअर बसू शकतात, जास्तीची वीज आणि थंड हवा देता येते आणि तासन्‌तास घिरट्या घालता येतात. लढाऊ विमानात वैमानिकाच्या मांडीवर लॅपटॉप ठेवायलाही जागा नसते.

जगभर हेच करतात. एफ-२२ या लढाऊ विमानाची यंत्रणा तपासायला अमेरिकेने बोइंग ७५७ ला एफ-२२ चं नाक लावलं आणि कॉकपिटच्या वर एक छोटा पंखही बसवला. एफ-३५ साठी ७३७ चं असंच रूपांतर केलं. आपल्या तेजसच्या सुरुवातीच्या रडारच्या चाचण्याही एका ॲव्हरोवरच झाल्या. दिसायला ही सगळी विमानं हास्यास्पद, पण आतला माल मात्र अतिशय गुप्त.

तबकडीचं ॲव्हरो ज्या बंगळूरमध्ये तयार झालं, तिथल्या विमान उद्योगाची सुरुवात कुणी केली हे शोधताना माझ्यासमोर पुन्हा वालचंद आले. या वेळी साखर सोडून.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजराती दिगंबर जैन, धंदा सावकारी आणि कापसाचा. मुंबईत सेंट झेवियर्स आणि पुण्यात डेक्कन कॉलेजात थोडं शिकले, पण घरच्या धंद्यासाठी शिक्षण अर्धवट सोडलं. पेढीवर बसून व्याज मोजणं त्यांना मानवलं नाही. रेल्वेत कारकून असलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं छोटंसं काम घेतलं. तिथून सुरू झालेली कंत्राटं पुढे बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांपर्यंत आणि तानसाहून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांपर्यंत गेली. आज जी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी आहे, ती १९२६ ची, त्यांचीच. रावळगाव आणि वालचंदनगरची साखर हा त्यातला एक फाटा. माझं इंटरव्ह्यूतलं उत्तर एवढ्यापुरतंच बरोबर होतं.

त्यांचा स्वभाव कळतो तो जहाजांच्या प्रकरणात. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं लॉयल्टी हे जहाज विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला ते जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो यामुळे. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीला आणलं, तरी कंपनी टिकली. पण वालचंदांना दुसऱ्याचं जुनं जहाज चालवण्यात समाधान नव्हतं. जहाज इथेच बांधायचं होतं. त्यासाठी विशाखापट्टणमला गोदी काढली. जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि १९४८ मध्ये तिथून जलउषा पाण्यात उतरलं.

विमानाचं प्रकरण चक्क एका प्रवासी विमानात सुरू झालं. १९३९ साली मोटारीच्या कारखान्यासाठी बोलणी करून वालचंद अमेरिकेहून पॅसिफिकवरून परतत होते. तेव्हा तो महासागर प्रवाशांना घेऊन ओलांडायची ती पॅन ॲमची क्लिपर, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं. त्या प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांची जुळणी करण्याचा कारखाना चालवत होता. चीनमध्ये होतं तर हिंदुस्थानात का नाही, हा प्रश्न वालचंदांनी तिथल्या तिथे धरला आणि सोडला नाही.

दिल्लीच्या ब्रिटिश सरकारला आधी यात काडीचा रस नव्हता. महायुद्ध पेटल्यावर तो निर्माण झाला. म्हैसूर संस्थानाने, दिवाण मिर्झा इस्माइल यांच्या पुढाकाराने, जमीन आणि भांडवल दिलं आणि २३ डिसेंबर १९४० ला बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. मार्च १९४१ मध्ये भारत सरकार भागीदार झालं. त्याच वर्षी हार्लो नावाचं शिकाऊ वैमानिकांचं विमान तिथून उडालं, पुढच्या वर्षी कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. ओसाड माळावर कारखाना काढून वर्षभरात विमान उडवणं, हा वेग मला आजही खरा वाटत नाही. आमचा साधा मोबाइल ॲपचा प्रोजेक्ट वर्षभर लांबतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. ही विमानं वालचंदांची नव्हती. रचना अमेरिकन होती, यंत्रसामग्री आणि इंजिनंही तिकडचीच, बंगळूरमध्ये मुख्यतः जुळणी. शिवाय गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. ते युद्धापुरतंच होतं. वालचंद साधू नव्हते, पक्के धंदेवाले होते. युद्धाच्या मागणीवर कारखाना उभा राहील, मग आपण आपल्या रचनेकडे वळू, असा त्यांचा हिशेब असावा, असं त्यांनी जहाजांबाबत जे केलं त्यावरून मला वाटतं. पण ज्याच्या ऑर्डरवर कारखाना चालतो, कारखान्याची चावीही शेवटी त्याच्याच खिशात जाते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. मार्चमध्ये रंगून पडलं, एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. नवी विमानं बनवण्यापेक्षा आघाडीवरून मोडून आलेली विमानं दुरुस्त करणं सरकारला जास्त गरजेचं वाटलं. त्याच वर्षी सरकारने वालचंदांना बाजूला करून कारखाना ताब्यात घेतला. १९४३ मध्ये तर व्यवस्थापन अमेरिकन हवाई दलाकडे गेलं. डग्लसच्या प्रवासी विमानाला लष्करी रूप देऊन केलेली सी-४७, लांब पल्ल्याची बी-२४ आणि बेळंदूर तलावावर उतरणारी कॅटलिना, अशी सगळी विमानं तिथे यायची. समुद्रावर पाणबुड्या शोधणाऱ्या कॅटलिनांवर त्या काळात रडार बसवलेलं असायचं, आणि तेव्हा रडार म्हणजे अत्यंत गुप्त वस्तू. वालचंदांनी प्रवास करता करता पाहिलेलं स्वप्न दोन वर्षांत कुंपणाआड गेलं.

ते रडत बसले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून मोटारीकडे वळले. पण १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि लवकरच त्यांना कामातून निवृत्त व्हावं लागलं. १९५२ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीचा मोठा हिस्साही सरकारकडे गेला. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला ते वारले. आमचं कॉलेज १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं होतं, त्याला त्यांचं नाव मिळालं ते १९५५ मध्ये. म्हणजे ते स्वतः हयात नसताना.

बंगळूरच्या कारखान्यात युद्धानंतर उलटी गंगा वाहिली. लष्कराने टाकून दिलेल्या डाकोटांची प्रवासी विमानं करून द्यायचं काम तिथे होऊ लागलं. त्याच कारखान्यात हसूरचंपूचे, म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. त्यांच्या रचनेचं एचटी-२ हे विमान १९५१ मध्ये उडालं, वालचंद हयात असताना. पूर्णपणे इथल्या डोक्यातून निघालेलं विमान. पण ते शिकाऊ वैमानिकांसाठीचं, दोन जणांचं. चाळीस-पन्नास माणसं नेणारं विमान हवं होतं तेव्हा आपण ब्रिटिश ॲव्हरोची रचना घेतली. १९६१ मध्ये पहिलं ॲव्हरो कानपूरला हवाई दलाच्या कारखान्यातून उडालं. १९६४ मध्ये हे सगळे कारखाने एकत्र येऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली. भारतात एकूण ८९ ॲव्हरो बनली आणि त्यातल्याच एकाच्या पाठीवर पुढे ती तबकडी आली.

लहान विमानाला ती जड जात होती. हवेचा विरोध वाढतो, शेपटीवर येणारी हवा गढूळ होते आणि रडारला लागणारी वीजही इंजिनांकडूनच काढावी लागते. तरी काम चालू राहिलं. ११ जानेवारी १९९९ ला तामिळनाडूतल्या अरक्कोणमच्या नौदल विमानतळाजवळ ते विमान कोसळलं. शास्त्रज्ञ आणि हवाई दलाचे कर्मचारी मिळून आठ जण गेले. प्रकल्प तिथेच थांबला. आमच्याकडे स्टेजिंग कोसळलं तर सर्व्हर पुन्हा सुरू करतात, हे लिहिताना मघाची माझी तुलना मलाच खटकते.

पुढे तेच काम नव्याने सुरू झालं तेव्हा फिरणारी तबकडी गेली. पाठीवर लांब फळीसारखा अँटेना आला, तो स्वतः न फिरता लहरींची दिशा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवतो. रडार आपलं, त्यातलं सॉफ्टवेअर आपलं. विमान मात्र ब्राझीलचं, एम्ब्रेअर १४५. नेत्र नावाची ही यंत्रणा फेब्रुवारी २०१७ मध्ये हवाई दलाला मिळाली. आता पुढची मोठी आवृत्ती येतेय, तिच्यासाठी एअर इंडियाची वापरलेली सहा एअरबस ए-३२१ घ्यायचं ठरलंय. मधल्या काळात आपलं छोटं प्रवासी विमान, सरस, बंगळूरच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००४ मध्ये उडवलं. १४ आसनांचं. त्याचा एक नमुना २००९ मध्ये चाचणीत कोसळून तिघे गेले, आणि ते अजून प्रवाशांपर्यंत पोचलेलं नाही.

म्हणून ते फोटो बघताना माझी नजर आता तबकडीवरून खाली सरकते. वरचं सगळं आपण बनवू शकतो. खालचं विमान ८० वर्षांनंतरही दुसऱ्याकडून आणावं लागतं. १९३९ साली क्लिपरमध्ये बसलेल्या सोलापूरच्या माणसाने जो प्रश्न धरला होता, तो याच खालच्या भागाचा होता.

मागच्या दिवाळीला विश्रामबागेत कॉलेजवरून जाताना ज्युनिअर बॅचची दोन पोरं चहाच्या गाड्यावर भेटली. मी त्यांना विचारलं वालचंद कोण होते. एकाने साखर सांगितलं, दुसऱ्याने गुगल उघडलं.