सुरतेच्या डॉक्टरीणबाई

डहाणू रोडवरून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बायकांच्या डब्यात काय काय गप्पा चालतात, ते आपल्याला ठाऊक आहे. सुनेपासून चिकूच्या भावापर्यंत सगळं. गुडघे, शुगर, बीपीसुद्धा. पण पाळी गेल्यानंतर खाली होणारी आग, कोरडेपणा, लघवीची जळजळ, नवऱ्याजवळ जाताना होणारा त्रास, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. बायकांच्या असल्या न बोललेल्या दुखण्यांसाठी १८९५ साली एक मराठी बाई सुरतेला गेल्या. डॉ. रखमाबाई.

जन्म मुंबईचा, २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले, तेव्हा आई जयंतीबाई जेमतेम सतरा वर्षांची. सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे, म्हणून जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पाट लावला. या सावत्र वडिलांच्या घरी पुस्तकं होती, आणि मुलीने वाचावं असं त्यांना वाटे. तरी रिवाज काही चुकला नाही. अकराव्या वर्षी रखमाचं लग्न दादाजी भिकाजीशी लागलं. ती माहेरीच राहिली, शिकत राहिली, आणि मोठी झाल्यावर नांदायला जायचं नाही, असं तिने ठरवलं.

दादाजीने १८८४ मध्ये कोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिनी यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. समज नसताना लागलेल्या लग्नापायी बाईला जबरदस्तीने नवऱ्याच्या घरी धाडणं त्यांना पटलं नाही. मग गदारोळ! अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये निकाल फिरला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता, हेही सांगितलं पाहिजे. मोठ्या माणसांचंही सगळंच बरोबर असतं असं नाही. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजीने दावा सोडला. संमतिवयाचा १८९१ चा कायदा झाला, त्यामागे या खटल्याने उठलेली चर्चाही होती.

आपण इथे थांबलो असतो, नाही का? सुटलो एकदाचे म्हणून. रखमाबाई मात्र १८८९ मध्ये बोटीत बसून विलायतेला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला होता. लंडनच्या बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परतल्यावर थोडे दिवस कामा हॉस्पिटल, आणि मग सुरत.

सुरतेतल्या बायका दवाखान्याची पायरी चढायला घाबरत. पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा दुखणं अंगावर काढलेलं बरं, अशी समजूत. रखमाबाईंनी दवाखान्यात एका गाभण शेळीचं बाळंतपण करून दाखवलं आणि मग बायकांची भीड चेपली, अशी गोष्ट सांगतात. वीसहून अधिक वर्षं त्या सुरतेत राहिल्या, नंतर राजकोटला जनाना हॉस्पिटलात. दादाजी १९०४ मध्ये वारला, तेव्हा त्यांनी पांढरं नेसायला सुरुवात केली. ज्याच्या घरी कधी नांदल्या नाहीत त्याच्यासाठी! मला याचं कोडं अजून सुटलेलं नाही. १९२९ मध्ये त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली. पुढे त्या मुंबईत राहिल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी गेल्या.

पाळी गेलेल्या बाईच्या त्या कोरडेपणाला रखमाबाईंपाशी नेमकं औषध नव्हतं. कसं असणार? बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन शास्त्रज्ञांनी गरोदर बायकांच्या लघवीतून वेगळं काढलं तेच मुळी १९२९ मध्ये. आज आपल्याला कळतं की पाळी गेल्यावर हे इस्ट्रोजेन घटतं, योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, आणि लघवीला पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होतं. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम किंवा आत ठेवायची छोटी गोळी मिळते. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. दोन दिवसांत गुण येत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो. बंद केलं की त्रास परत येऊ शकतो, म्हणून पुष्कळजणी ते वर्षानुवर्षं वापरतात.

खोक्यातला कागद वाचून काहीजणी घाबरतात. कॅन्सर, पक्षाघात असं काय काय त्यावर लिहिलेलं असतं. ते इशारे मुख्यतः पोटात घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवरच्या अभ्यासातून आलेले आहेत. जागेवर लावलेल्या थोड्याशा औषधाचा फारच कमी अंश रक्तात जातो. पण स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचंच. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा डाग जरी दिसला, तर क्रीम बाजूला ठेवून आधी तपासणी. मेडिकलवाल्याकडून परस्पर ट्यूब आणायची नाही.

तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात जा, डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात जा किंवा वापीला जा, समोर पुरुष डॉक्टर असला आणि तोंड उघडेना, तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. नाहीच जमलं तर कागदावर दोन ओळी लिहून न्या: पाळी कधी गेली, आग कुठे होते, लघवीचा त्रास कितीदा झाला. तेवढ्यावर तपासणी सुरू होते.