कर्नल सी. के. नायडू : पद नसतानाही काम करणारे गुरू

२०२२ साली मध्य प्रदेशाच्या संघाने बेंगळुरूला मुंबईचा पराभव करून रणजी करंडक जिंकला, तेव्हा खेळाडूंच्या बरोबरीने प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचेही नाव घरोघरी झाले. ते योग्यच होते. पण आपल्या इंदूरच्या जुन्या पिढीला त्या दिवशी आणखी एक नाव आठवले असणार. कारण हा करंडक या मातीत याआधी शेवटचा आला होता तो १९५२-५३ च्या मोसमात, होळकर संघाच्या रूपाने, आणि त्या संघाचे कर्णधार होते कर्नल कोट्टारी कनकैया नायडू. आपले सी. के.

त्या काळी संघाला प्रशिक्षक, सहप्रशिक्षक, फिजिओ अशी माणसे नसत. कर्णधारालाच मुले निवडावी, शिकवावी, धाक दाखवावा आणि सामनाही जिंकावा लागे. सी. कें.च्या षट्कारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला आज सांगायचे आहे ते त्यांच्या या दुसऱ्या कामाविषयी.

सी. कें.चा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला, एका सुखवस्तू तेलुगू कुटुंबात झाला. शिक्षण तिथेच, हिस्लॉप कॉलेजात. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ते १९१६ मध्ये हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध उतरले. १९२३ साली होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून ते इंदूरला आले आणि होळकरांच्या सैन्यात रुजू झाले. पुढे ते सर्वांचे ‘कर्नल’ झाले, ते या नोकरीमुळे. म्हणजे जन्म नागपूरचा, मातृभाषा तेलुगू आणि कर्मभूमी इंदूर. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या समाजाला असा माणूस परका वाटू नये.

१ डिसेंबर १९२६ हा दिवस क्रिकेटच्या इतिहासात नोंदला गेला आहे. आर्थर गिलिगन यांचा एमसीसीचा संघ भारतात आला होता. मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना सी. कें.नी सुमारे दोन तासांत १५३ धावा काढल्या आणि त्यात ११ षट्कार होते. आपली माणसे साहेबाच्या तोडीचे खेळू शकतात, हे त्या दिवशी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर दोन वर्षांत भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताला पहिला कसोटी सामना मिळाला.

त्या १९३२ च्या दौऱ्याची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. संघाचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी. सी. कें.च्या नावापुढे कोणतेही पद नव्हते. पण लॉर्ड्‌सच्या कसोटीची वेळ आली तेव्हा महाराज आणि राजपुत्र दोघेही बाजूला झाले आणि २५ जून १९३२ रोजी भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व सी. कें.कडे आले. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना ‘ऑफिशिएटिंग’ हा शब्द चांगला ठाऊक असतो. खुर्ची दुसऱ्याची, जबाबदारी आपली. आम्ही बँकेत असे अनेक जण पाहिले. त्यातले काही कुरकुरत काम करत, काही जण खुर्ची आपलीच असल्यासारखे करत. सी. के. दुसऱ्या प्रकारातले. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत झालेली असूनही पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक म्हणजे ४० धावा त्यांच्याच होत्या. सामना १५८ धावांनी गेला, पण इंग्लंडची अवस्था एकदा ३ बाद १९ झाली होती हे कोणी विसरले नाही. त्या दौऱ्यात सी. कें.नी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत दीड हजारांहून अधिक धावा केल्या आणि १९३३ च्या ‘विस्डेन’ने वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली.

१९३३-३४ मध्ये जार्डिनच्या संघाविरुद्ध ते रीतसर कर्णधार होते. पण १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. खेळाच्या गुणवत्तेपेक्षा संस्थानी वजन मोठे ठरले, हे आता सर्वमान्य आहे. चाळीस वर्षांचे सी. के. त्या संघात साधे खेळाडू म्हणून गेले. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत वेगवान चेंडूचा मार अंगावर घेऊनही त्यांनी ८१ धावा काढल्या. तो त्यांचा अखेरचा कसोटी डाव. अवघ्या ७ कसोटी, ३५० धावा, ९ बळी. एवढ्यावर कोणी हिशेब मिटवला असता तर खाते लहानच दिसले असते.

खरे काम त्यानंतर झाले आणि ते आपल्या गावात झाले.

महाराजा यशवंतराव होळकर यांच्या आश्रयाने १९४१-४२ पासून होळकर संघ रणजी स्पर्धेत उतरला. खेळाडूंना संस्थानात नोकऱ्या मिळाल्या, यशवंत क्लबचे मैदान मिळाले आणि सी. के. मिळाले. सी. के. तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले होते. या वयात बहुतेक लोक पॅड खुंटीला टांगतात. त्यांनी इथे नवा संसार मांडला.

या संघातली नावे वाचली तरी आपल्या लोकांचा ऊर भरून येतो. चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, कमल भांडारकर, हिरालाल गायकवाड, खंडू रांगणेकर. शिवाय सी. कें.चे धाकटे बंधू सी. एस. नायडू आणि इंदूरचेच मुश्ताक अली. मुश्ताक अलींचा खेळ सी. कें.नी ते पोरगेले असतानाच हेरला होता आणि त्यांना घडवले होते. याच मुश्ताक अलींनी १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला. सरवट्यांनी १९४६ मध्ये सरेविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन शतक केले आणि शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा जोडल्या. शेवटच्या चेंडूपर्यंत हार मानायची नाही, हा धडा होळकर संघात गिरवलेला होता.

सी. कें.ची शिस्त फौजी होती. उंच, ताठ अंगकाठी, मोजके बोलणे. वेळेवर न येणारा, क्षेत्ररक्षणात अंग चोरणारा किंवा लहानसहान दुखण्याचा बाऊ करणारा खेळाडू त्यांना खपत नसे. हा धाक काहींना जाचक वाटत असेल, आणि सगळ्यांना तो मानवला असेल असे आम्ही म्हणणार नाही. पण जे ते मुलांकडून मागत, ते आधी स्वतः करत. पन्नाशी उलटल्यावर मुंबईविरुद्धच्या सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात तुटले, तेव्हा उपचाराला बाहेर न जाता त्यांनी खेळ पुढे चालू ठेवला. समोर उभ्या असलेल्या तरुण फलंदाजाला त्यानंतर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

फळ काय मिळाले ते आकडेच सांगतात. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असे चार वेळा जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा झाल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके केली. त्यात सी. के. एक होते. त्याच वर्षी बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी २०० धावा काढल्या.

संस्थाने विलीन झाली होती. १९५५ नंतर होळकर हे नाव स्पर्धेतून गेले आणि मध्य प्रदेशाचा संघ आला. इतक्या परिश्रमाने बांधलेले घर असे डोळ्यांदेखत मिटले. पण सी. के. थांबले नाहीत. १९५६-५७ मध्ये वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. त्याच सुमारास त्यांना पद्मभूषण मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. एकूण २०७ प्रथम श्रेणी सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी अशी त्यांची कारकीर्द आहे.

त्यांच्या घरातून आणखी एक वाट निघाली. कन्या चंद्रा नायडू यांनी इंदूरच्या कन्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि १९७६-७७ मध्ये एमसीसीच्या इंदूरमधील सामन्याचे समालोचन करून त्या देशातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचकांपैकी एक ठरल्या. मुलींनी मैदानावर जावे की नाही याचीच चर्चा होण्याचा तो काळ होता. वडिलांवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरलाच सी. कें.चे निधन झाले. १९९४ पासून क्रिकेट मंडळ त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते आणि तरुणांची एक राष्ट्रीय स्पर्धाही त्यांच्या नावाने चालते. पुरस्काराचे नाव ऐकून आपली नातवंडे विचारतात, हे नायडू कोण? त्यांची पुण्यतिथी नेमकी बालदिनी येते. त्या दिवशी मुलांना षट्कार तर सांगावेतच, पण बिनपदाचा लॉर्ड्‌सचा कर्णधार आणि यशवंत क्लबच्या मैदानावर पोरे घडवणारा साठीकडे झुकलेला कर्नलही सांगावा. हे काम आपणच करायचे आहे, कारण तो संघ आपल्या गावचा होता.