कुंडीतला वाटाणा

वैभववाडीला बँकेत असताना कोकम सरबत, फणसपोळी, काजूगर विकणारी माणसं कर्जासाठी येत. माल उत्तम, पण जाहिरातीला पैसा नाही, ही प्रत्येकाची रड. मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगत असे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. छायाचित्रण, छपाई असे धंदे करून झाल्यावर चाळिशीत त्यांना चित्रपटाचं वेड लागलं. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले. आता भांडवल हवं. पण चित्रपट म्हणजे काय, हे पैसेवाल्याला पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ महिनाभर थोडी थोडी टिपली. पडद्यावर मिनिटभरात बियाचं रोप झालं. कर्ज मिळालं, तारण म्हणून पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. इतका बोलका कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर कधी आला नाही.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कॉरोनेशनला लागला आणि चालला. सुरतेत मात्र पहिल्या खेळाचा गल्ला जेमतेम तीन रुपये झाला म्हणतात. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळे. तीन आण्यांत दीड तासाचं चित्र कोण बघणार? फाळक्यांनी दर उतरवला नाही, जाहिरात बदलली. तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रं, लांबी दोन मैल! गल्ला तीनशेवर गेला.

माझ्यातला हिशेबनीस इथे थबकतो. चित्रपट होता ३,७०० फुटांचा; फुटाला सोळा चित्रं. म्हणजे सत्तावन्न हजार हा आकडा रास्तच होता. पण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. खरा आकडा पुरेसा असताना मैल ताणायची गरज नव्हती.

पुढे १९१८ मध्ये भांडवलदारांशी भागीदारी झाली, पण पटलं नाही. बोलपट आले, काळ बदलला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात फाळके गेले, ते ओढगस्तीत. युक्ती गिऱ्हाईक आणते. धंदा टिकवायला हिशेब आणि माणसं लागतात.

म्हणून मी कर्जदाराला सांगायचो, सरबताचा एक पेला गिऱ्हाइकाच्या हाती द्या, तोच तुमचा वाटाणा. मैल मात्र ताणू नका. आणि सही करण्यापूर्वी घरच्या दागिन्यांची आठवण ठेवा.