विद्यार्थ्यांना सेवेला लावणारे साने गुरुजी

विरारच्या पूर्वेस पापडखिंड धरणाजवळ आमचा फुलपाडा आहे. एकादशीला भजनास बसणारी मंडळी येथे पुष्कळ, आणि पंढरीची वाट चालणारेही आहेत. आषाढीच्या आधी एका बैठकीत येथे वाद निघाला. कॉलेजात जाणाऱ्या काही मुलामुलींनी दिंडीबरोबर यायचे ठरविले. पण टाळ-वीणा न मागता त्यांनी पाणी वाटणे, मुक्कामाची जागा झाडणे, पत्रावळी उचलणे, थकलेल्या म्हाताऱ्यांचे पाय चोळणे हे काम मागून घेतले. १९६९ सालापासून कॉलेजांतून राष्ट्रीय सेवा योजना चालते, तीतली ही पोरं. एका वृद्ध माळकरीबुवांना हे रुचले नाही. गळ्यात माळ नाही, हरिपाठ पाठ नाही, नुसता झाडू घेऊन कुठे वारी होते काय, असे त्यांचे म्हणणे. बुवांचेही अगदीच चुकले असे नाही. नामावाचून वारी म्हणजे पायपीट, हे आपण सारेच मानतो. पण नाम एकीकडे आणि झाडू दुसरीकडे अशी वाटणी करावी काय, हा प्रश्न उरतोच. ज्यांनी ती वाटणी कधी केली नाही आणि विद्यार्थ्यांनाही करू दिली नाही, त्या साने गुरुजींचे चरित्र म्हणून येथे थोडक्यात सांगतो.

पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे पूर्ण नाव. विठोबाचेच नाव घेऊन ते जन्मास आले, २४ डिसेंबर १८९९ रोजी, दापोली तालुक्यातल्या पालगड गावी. घराणे एके काळी खोतीचे, पण वडिलांच्या काळात सारे गेलेले. आई यशोदाबाई. या माऊलीने लेकराला काय काय दिले ते 'श्यामची आई' वाचणाऱ्या घराघराला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. १९१७ साली ती गेली, तेव्हा मुलगा परगावी शिकत होता. दापोली, मग औंध, मग पुणे असे त्याचे शिक्षण झाले, आणि तेही अर्धपोटी. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून ते बी. ए. झाले, पुढे एम. ए. झाले. याच कॉलेजचे नाव नंतर सर परशुरामभाऊ कॉलेज पडले, आणि आपले मामासाहेब उर्फ सोनोपंत दांडेकर पुढे तेथेच प्राचार्य होते. सोनोपंतांच्या नावाचे कॉलेज आपल्या पालघरला उभे आहे, हे जाता जाता ध्यानात असू द्यावे.

एम. ए. झालेल्या माणसाला त्या काळी मोठी नोकरी धरता आली असती. गुरुजी गेले खानदेशात, अमळनेरला. आधी तेथील तत्त्वज्ञान मंदिरात, आणि १९२४ पासून प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून. तत्त्वज्ञान मंदिरात त्यांचे मन रमले नाही, पोरांत रमले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि तेथे त्यांनी जे केले ते आपल्या मठांतून, धर्मशाळांतून मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

छात्रालयातली मुले लांबलांबच्या खेड्यांतली. आईबापांपासून दूर, बेशिस्त, खोल्या अस्ताव्यस्त. दुसरा कोणी असता तर छडी काढली असती. गुरुजींनी काढला केरसुणीचा बुंधा. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडाव्या, अंथरुणांच्या घड्या कराव्या, मळके कपडे धुऊन वाळत घालावे, कंदिलाच्या काचा पुसाव्या. आणि बोलावे काहीच नाही. कोणी आजारी पडला तर रात्रभर उशाशी बसावे. चार दिवसांत मुलांना लाज वाटू लागली. मास्तरांच्या हातून केरसुणी ओढून घेण्याची चढाओढ लागली. सेवा शिकवायची तर व्याख्यान देऊन ती शिकवता येत नाही, हे गुरुजींना कोणत्या पुस्तकातून कळले असेल? आईकडूनच कळले असणार. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने पाणी वाहिले, ही कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. गुरुजींनी ती अमळनेरच्या छात्रालयात करून दाखविली.

रात्री मुले निजली म्हणजे गुरुजी कंदिलापाशी बसून हाताने एक दैनिक लिहीत. सकाळी ते फलकावर लागे. त्यात देशात काय चालले आहे, कोठे सत्याग्रह झाला, कोणत्या संताने काय केले, असे सारे असे. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले. पुस्तकात तोंड घालून बसलेल्या मुलाला आपला गाव, आपला देश, आपल्या शेजारचा उपाशी माणूस दिसला पाहिजे, एवढाच त्या सगळ्या लिहिण्याचा रोख. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह आला तेव्हा ते स्वतःच शाळा सोडून बाहेर पडले. सहा वर्षांची शिक्षकी तेथे संपली, पण गुरुजी हे नाव जन्माचे चिकटले.

मग तुरुंग. त्यातली एक गोष्ट वारकऱ्याने विसरू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, आणि गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. ऐकणारे पुष्कळ होते. पण गुरुजी भराभर लिहून घेत होते, म्हणूनच ती 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहेत. दुसऱ्याच्या तोंडचा अमृतबिंदू खाली सांडू नये म्हणून आपला हात झिजवायचा, हीदेखील सेवाच झाली. आमच्या अनेक फडांवर थोर थोर कीर्तने झाली आणि वाऱ्यावर गेली. लिहून घेणारा साने गुरुजी तेथे नव्हता. असो. पुढच्याच साली, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, अवघ्या पाच दिवसांत.

१९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. गुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली, आणि मैला वाहण्याचे, ग्रामसफाईचे कामही केले. एम. ए. झालेला ब्राह्मण मैल्याची पाटी उचलतो, हे पाहून खेड्यातल्या माणसांना काय वाटले असेल! १९४१ च्या जूनमध्ये एस. एम. जोशी प्रमुख होऊन राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले, तेव्हा शाळा-कॉलेजांतल्या मुलामुलींना गुरुजी म्हणजे आपलेच माणूस वाटू लागले. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले, पुढच्या साली मुंबईत पकडले गेले, आणि १९४५ साली सुटले.

आता पंढरीची हकीकत.

देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर होता, आणि विठ्ठलाच्या उंबरठ्याच्या आत मात्र आमचे हरिजन बंधू जाऊ शकत नव्हते. महाद्वारी चोखोबांची समाधी आहे. त्यांची मजल तेवढ्यापर्यंतच. आपण सारे चोखोबांचे अभंग आत उभे राहून गात होतो आणि चोखोबांचे लोक बाहेर उभे राहून ऐकत होते. ही गोष्ट आपल्या संप्रदायाने शेकडो वर्षे सोसली, हे कबूल केलेच पाहिजे. गुरुजींना ती सोसवेना. १९४६ च्या अखेरीस त्यांनी प्राणांतिक उपोषणाचा संकल्प केला. वडीलधाऱ्या मंडळींनी त्यांना थोपवून धरले. आधी लोकांची मने वळवा, मग पाहू, असे सुचविले. गुरुजींनी ते मानले.

१९४७ च्या आरंभापासून ते महाराष्ट्रभर हिंडले. बरोबर सेनापती बापट होते, आणि सेवा दलाचे कलापथक. ही तरुण पोरं गावात शिरायची, गाणी म्हणायची, पोवाडे गायची, खेळ करून दाखवायची. मग गुरुजी बोलायला उभे राहायचे, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून यायचे. कित्येक गावांनी आपली देवळे आणि पाणवठे खुले केले. कोठे विरोधही झाला, कोठे टवाळी झाली. कॉलेजातल्या मुलामुलींनी तोवर आपला गाव सोडून दुसऱ्याचा गाव पाहिला नव्हता; या दौऱ्यात त्यांना महारवाडा दिसला, विहिरीच्या काठी खोळंबलेली रिकामी मडकी दिसली. परीक्षेच्या पुस्तकात हे कोठून असणार?

पंढरीचे दार मात्र उघडेना. १ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले. बसले ते तनपुरे महाराजांच्या मठात. त्या दिवसांत असा माणूस आपल्या मठात घेणे सोपे नव्हते. गावातून विरोध होता, आणि विरोध करणाऱ्यांत माळकरीही होते. तनपुरे महाराज डगमगले नाहीत. आपल्या संप्रदायाची लाज एका वारकऱ्याने राखली असे आम्ही समजतो. खुद्द गांधीजींनाही हे उपोषण पटले नव्हते. ते थांबवावे असा त्यांचा निरोप आला. ज्यांना आपण गुरुस्थानी मानतो त्यांचेच मन आपल्याविरुद्ध गेले, ही व्यथा उपाशी देहापेक्षा मोठी. गुरुजींनी नम्रपणे आपला निश्चय कायम ठेवला. विठ्ठलावर त्यांचा राग नव्हता, बडव्यांवरही नव्हता; आपण वाईट म्हणून देव आत कोंडला गेला, असे त्यांना वाटे. अखेर दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिराच्या चालकांनी मान्यता दिली, आणि १० मे रोजी उपोषण सुटले. आज मंदिरात कोण कोणत्या जातीचा हे कोणी विचारीत नाही. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, एवढाच काय तो तंटा!

त्यानंतर गुरुजी तीनच वर्षे राहिले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, ते अजून चालते. भारतातल्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, एकमेकांच्या प्रांतांत जाऊन राहावे, म्हणून आंतरभारतीची कल्पना त्यांनी मांडली. पण गांधीजींच्या वधाने मन आतून मोडलेले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपला देह ठेवला. इतक्या लोकांचे अश्रू पुसणाऱ्याला आपले दुःख कोणाजवळ बोलता आले नाही. त्याविषयी तर्क करू नये. त्यांची वेदना त्यांना ठाऊक.

माळकरीबुवांना आम्ही ही सारी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, आणि मुलांनी निदान एक हरिपाठ तरी पाठ करावा असा आग्रह धरला. मुलांनीही तो मानला. पंढरीस जाणाऱ्यांनी महाद्वारी चोखोबांच्या समाधीवर माथा टेकून, विठ्ठलाचे दर्शन झाल्यावर, तनपुरे महाराजांच्या मठाकडेही पाऊल वळवावे.