फुलर ऑलब्राइट
फुलर ऑलब्राइट (जन्म : १२ जानेवारी १९००, बफेलो, न्यू यॉर्क, मृत्यू : ८ डिसेंबर १९६९, बॉस्टन) हे अमेरिकन वैद्य व अंतःस्रावशास्त्रज्ञ होते. हाडांची झीज, कॅल्शियमचे चयापचय आणि परावटू ग्रंथींचे विकार यांवरील त्यांचे संशोधन पायाभूत मानले जाते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या हाडांतून कॅल्शियम का निघून जाते, याचे स्पष्टीकरण देणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन व शिक्षण
ऑलब्राइट यांचे वडील जॉन ऑलब्राइट हे बफेलोतील धनाढ्य उद्योजक होते. तेथील प्रसिद्ध कलादालन त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. हार्वर्ड विद्यापीठातून १९२४ साली वैद्यकीय पदवी मिळाल्यावर फुलर यांनी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये उमेदवारी केली. तेथे जोसेफ ऑब यांच्या हाताखाली शिशाच्या विषबाधेचा अभ्यास करताना ते कॅल्शियमकडे वळले. पुढे जॉन्स हॉपकिन्स येथे काम करून त्यांनी व्हिएन्नात याकोब एर्डहाइम या विकृतिशास्त्रज्ञाकडे सुमारे वर्षभर हाडांच्या रचनेचा अभ्यास केला. १९२९ मध्ये ते बॉस्टनला परतले आणि अखेरपर्यंत त्याच रुग्णालयाशी निगडित राहिले.

संशोधन
या रुग्णालयात 'वॉर्ड ४' हा चयापचयाच्या अभ्यासासाठी राखलेला छोटा कक्ष होता. रुग्णाला मोजून अन्न द्यायचे, त्याचे मलमूत्र साठवून तपासायचे आणि शरीरात किती कॅल्शियम गेले व किती बाहेर पडले याचा ताळेबंद मांडायचा, अशी तेथील पद्धत होती. काम अत्यंत कंटाळवाणे, पण हाडांत काय घडते ते जिवंत माणसात मोजण्याचा दुसरा मार्ग त्या काळी नव्हता. याच कक्षातील एक रुग्ण चार्ल्स मार्टेल हे जहाजाचे कप्तान होते. हाडे ठिसूळ होऊन त्यांची उंची सुमारे ७ इंचांनी घटली होती. परावटू ग्रंथीची गाठ शोधण्यासाठी त्यांच्यावर एकूण सात शस्त्रक्रिया झाल्या. १९३२ मधील सातव्या वेळी ती छातीत सापडली. मात्र मूतखड्याच्या उपद्रवामुळे ते त्यानंतर काही आठवड्यांतच दगावले.

१९४१ मध्ये ऑलब्राइट व सहकाऱ्यांनी एका १४ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. अस्थिभंगामुळे तो प्लास्टरमध्ये निजून होता. रक्तातील कॅल्शियम वाढल्याने परावटू ग्रंथीचा विकार असावा असे वाटून त्याच्या मानेची शस्त्रक्रिया करण्यात आली, पण ग्रंथी निरोगी निघाल्या. दोष निश्चलतेचा होता. हाड सतत मोडत व घडत असते. त्यावर भार पडेनासा झाला की घडण मंदावते, मोड चालूच राहते आणि सुटलेले कॅल्शियम रक्तात व लघवीत उतरते. वाढत्या वयातील मुलांत ही उलाढाल मुळातच वेगवान असल्याने परिणामही तीव्र होतो. १९४८ मध्ये डीट्रिक, व्हिडन व शोर यांनी चार निरोगी तरुणांना काही आठवडे प्लास्टरमध्ये जखडून हीच कॅल्शियमची गळती दाखवून दिली. आज अतिदक्षता विभागातील रुग्णांतही हाडांच्या विघटनाचे निदर्शक वाढलेले आढळतात. तेथे निश्चलतेच्या जोडीला दाह, स्टेरॉइड औषधे व ड जीवनसत्त्वाची कमतरता हीही कारणे असतात.

ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे विरळ होतात ती इस्ट्रोजेनच्या अभावामुळे, हा ऑलब्राइट यांचा १९४०-४१ मधील सिद्धांत सर्वाधिक गाजला. इस्ट्रोजेनअभावी हाडाची घडण कमी होते, असे ते मानत. पुढे मोडीचे वाढलेले प्रमाण हे प्रमुख कारण ठरले. मूळ संबंध मात्र टिकून राहिला. हाडच कमी असणे (अस्थिसुषिरता) आणि हाड असून त्यात क्षार न भरणे (अस्थिमार्दव, बालकांत मुडदूस) हा भेदही त्यांनी ठसवला. मॅक्यून-ऑलब्राइट लक्षणसमूह (१९३७) व आभासी परावटू-न्यूनता (१९४२) यांची वर्णनेही त्यांच्या नावावर आहेत. एडवर्ड रायफेनस्टाइन यांच्यासह लिहिलेला, परावटू ग्रंथी व हाडांच्या चयापचयी विकारांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला.

आजारपण व मृत्यू
वयाच्या चाळिशीआधीच ऑलब्राइट यांना कंपवाताने गाठले. वरील बहुतेक संशोधन या आजारातच झाले. लिहिणे अवघड झाले, बोलणे अस्पष्ट होत गेले. तरी तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी रुग्ण तपासणे व शोधनिबंध सिद्ध करणे चालू ठेवले. अखेर १९५६ मध्ये, सहकाऱ्यांनी सावध केले असतानाही, त्यांनी न्यू यॉर्क येथे अर्व्हिंग कूपर यांच्याकडून मेंदूवर त्या काळी प्रायोगिक असलेली शस्त्रक्रिया करवून घेतली. एका बाजूच्या उपचारानंतर दुसऱ्या बाजूच्या वेळी मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा गेली. त्यानंतरची १३ वर्षे ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्येच परावलंबी रुग्ण म्हणून होते. तेथेच १९६९ साली त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील अस्थी व खनिज संशोधन संस्था तरुण संशोधकांना त्यांच्या नावाने पुरस्कार देते.