हजार पिढ्यांचा करार आणि पंडिता रमाबाई

परमेश्वराने अब्राहामाला संपूर्ण कनान देशाचे वचन दिले. तथापि सारेच्या दफनासाठी चारशे शेकेल रुपे मोजून घेतलेले मकपेलाचे शेत व गुहा एवढीच तेथील भूमी हयातीत त्याच्या मालकीची झाली. मोशेने वचनदत्त देश नबो डोंगरावरून डोळे भरून पाहिला. परंतु त्यात त्याचे पाऊल पडले नाही. वचन एका पिढीला मिळावे आणि त्याची पूर्ती दुसरीने पाहावी, ही जुन्या करारातील देवाच्या विश्वासूपणाची रीत आहे. पंडिता रमाबाईंच्या जीवनात हीच रीत दिसून येते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथील अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी तेच धन कन्येच्या पदरी घातले. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू श्रीनिवास गेले आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांनाही पटकीने ओढून नेले. आप्त म्हणून उरली ती केवळ तान्ही मनोरमा.

१८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मायदेशी परतल्यावर रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली धर्मांतराच्या वादात अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, तरी काम थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. त्यांच्यासाठी केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. भुकेने आप्तांचे प्राण जाताना ज्यांनी पाहिले होते, त्यांनाच देवाने भुकेल्यांची आई केले.

संस्कृताने तयार झालेली ती बुद्धी पुढे हिब्रू व ग्रीक शिकण्यास बसली. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजेल असे मराठी पवित्र शास्त्र सिद्ध करावे, हा त्यांचा ध्यास होता. आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी त्यास वाहिली. छापखान्यातील खिळे जुळविण्याचे काम मुक्तीतील मुलीच करीत. जुन्या करारात सुमारे अडीचशे वेळा येणारा ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द प्रीती, दया आणि करारनिष्ठा या तिन्ही अर्थांना कवेत घेतो. हा शब्द मराठीत आणणाऱ्या बाईंच्या निष्ठेचीच आता परीक्षा होणार होती.

सुशिक्षित व सेवाभावी मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. मुक्तीचा भार त्याच वाहतील, ही सर्वांची अपेक्षा होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या आईच्या आधी प्रभूकडे गेल्या. इसहाक गेल्यावर अब्राहामाला दिलेल्या वचनाचे काय, असाच हा प्रसंग होता. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला; तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मग करार खुंटला काय? यशया संदेष्टा सांगतो की, अपत्यहीन स्त्रीची लेकरे पतिवतीच्या लेकरांहून अधिक होतील. डोंगऱ्यांच्या कुळातील एक वंशज गेली, पण ज्यांच्या मुखी घास व हाती शास्त्र आले अशा लेकींच्या पिढ्या उभ्या राहिल्या. केडगावची मुक्ती आजही निराधारांना आसरा देत आहे. देवाचे वचन रक्ताच्या नात्यापाशी अडून राहत नाही.

प्रिय वाचकहो, दिल्लीतील द्वारकेसारख्या दूरच्या वसाहतीत स्थिरावलेल्या आपल्या घरांतही हीच चिंता असते: आपला विश्वास व आपले मराठी शास्त्र मुलांच्या हाती टिकेल काय? कोणाला अपत्य नाही, कोणाचे अपत्य दुरावले आहे, कोणाचे आधी गेले आहे. आपल्या वाट्याचे पान आपण विश्वासाने लिहावे. पुढची पाने हजार पिढ्यांपर्यंत करार पाळणाऱ्या देवाच्या हाती सुरक्षित आहेत.