घराचा उंबरठा आणि राज्यसत्ता : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राचे एक अंग

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म खेड्यापाड्यांतील शाळांत गेलेला. तेव्हा विद्वत्तेचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. तथापि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील एक अंग असे आहे की, ज्याविषयी सभासंमेलनांतून फारसे बोलले जात नाही. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, नागपूरची धर्मदीक्षा हे प्रसंग मुलांसही ठाऊक असतात. परंतु पोलीस दारात उभा राहिला असता सामान्य मनुष्याचा हक्क कोणता, या प्रश्नासाठी बाबासाहेबांनी काय केले, हे पुष्कळ सुशिक्षितांसही सांगता येत नाही. प्रांजळपणे सांगावयाचे तर आम्हांसही ते सांगता आले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास कोणा दुसऱ्याच्या प्रकरणात केवळ तोंडी निरोपावरून एका ठाण्यात बोलाविण्यात आले. दोन दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यास बाकावर बसवून ठेवले. त्याचा मोबाईल काढून घेतला, त्याची पावती नाही; बोलावणे कशासाठी, याचा कागद नाही. दुसऱ्या रात्री त्याचे वडील आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि गुरुजी, आता काय करावे, असे विचारू लागले. तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकविलेल्या आमच्या तोंडून त्या रात्री शब्द फुटला नाही. मुलगा पुढे निर्दोष म्हणून सुटला. परंतु आमची लाज सुटली नाही. त्यानंतर आम्ही जे वाचले, त्याचे सार येथे मांडीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातील पेन्शनर. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा वर्गात वेगळ्या तरटावर बसला आणि तहान लागली तरी नळास हात लावू शकला नाही. १९०७ साली ते मुंबईत मॅट्रिक झाले. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनलाही शिकले. १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्यास आले, तेव्हा एवढ्या विद्वानास राहावयास घर मिळेना. एका पारशी खाणावळीत ओळख लपवून ते राहिले. थोड्याच दिवसांत हाती काठ्या घेतलेले लोक येऊन उभे राहिले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. त्या दिवशी बडोद्यातील एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. ज्याला आपले म्हणता येईल असे दार नाही, त्याची अवस्था काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढे लंडनच्या ग्रेज इन या संस्थेतून बॅरिस्टर होऊन ते परतले आणि १९२३ साली मुंबईस वकिली करू लागले. अशील गरीब, फी तुटपुंजी. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यात खटला झाला. जवळकर, जेधे, बागडे या ब्राह्मणेतर चळवळीतील मंडळींच्या अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणले. महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण तर प्रसिद्धच आहे. डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम हाती पडताच त्यांनी हजारो अनुयायांसमक्ष सत्याग्रह तहकूब केला आणि कोर्टाची वाट धरली. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. दहा वर्षे धीर धरणारा हा पुरुष कायद्यास दुबळ्याचे शस्त्र मानीत होता. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, म्हणजे आम्हां शिक्षकांच्या जातकुळीतीलही होते.

आमच्या मराठवाड्यातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास आले. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या हौदात हातपाय धुतले, एवढ्यावरून जमाव जमला. अखेर किल्ला पाहू देण्यात आला. परंतु आत कोठे पाण्यास शिवू नये, म्हणून बरोबर सशस्त्र शिपाई देण्यात आला. मनुष्याच्या हातांवर पहारा बसविणारी सत्ता कशी असते, ते त्यांनी आपल्याच भूमीत पाहिले.

परभणीकरांना अशा सत्तेची ओळख निराळी करून द्यावयास नको. निजामी अमदानीत गस्ती निशाण ५३ या फर्मानाने साधी सभा भरविण्यासही आधी परवानगी लागे. १९३७ साली परतूर येथे, जे त्या काळी आमच्याच जिल्ह्यात होते, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते अशाच वातावरणात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. आमचे वडील सांगत की, त्या दिवसांत घरातही लोक हळू बोलत. स्वातंत्र्य म्हणजे घरात मोठ्याने बोलता येणे, ही त्यांची साधी व्याख्या होती.

आता मुख्य विषयाकडे वळू. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने राज्यघटनेचा एक मसुदा सादर केला. त्यात त्यांनी असे कलम घातले होते की, नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती अथवा जप्ती होता कामा नये आणि सबळ कारण शपथेवर सांगितल्यावाचून वॉरंट निघू नये. अमेरिकेच्या घटनेत असे संरक्षण आहे. कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यातही असाच विचार होता. परंतु तपासाच्या कामात अडथळा येईल, असा आक्षेप काही कायदेपंडितांनी घेतला आणि ते कलम गळाले.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली व बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविरुद्धचे तेच संरक्षण घटनेत घालावे, अशी दुरुस्ती सुचविली. फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद आहेच. परंतु ती कायदेमंडळाला सहज बदलता येऊ नये म्हणून घटनेत असणे इष्ट, असे मत देऊन बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. सभागृहात मात्र गोंधळ झाला, मतदान पुढे ढकलले गेले आणि अखेरीस दुरुस्ती फेटाळली गेली. समितीच्या अध्यक्षालाही सर्व काही मिळाले नाही, हे वाचून आम्हांस नवल वाटले.

त्याच महिन्यात जीवित व स्वातंत्र्य यांविषयीचे कलम संमत झाले, तेच आजचे २१ वे. त्यात कायद्याने ठरविलेल्या प्रक्रियेखेरीज कोणाचे स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, एवढेच म्हटले होते. ती प्रक्रिया न्याय्य असली पाहिजे, असे त्यात नव्हते. उद्या कायदेमंडळाने कसाही कायदा केला तर काय, ही टोचणी पुष्कळ सभासदांना लागून राहिली. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी नवे कलम मांडले, ते आजचे २२ वे. अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर सांगावे. आरोपीस आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा. आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे. यांच्या जोडीस २० वे कलम आहे. त्यानुसार आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

चरित्रकाराने नायकाची उणी बाजू झाकू नये. त्याच २२ व्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेस वाव ठेवण्यात आला. अशा स्थानबद्धास २४ तासांचे व वकिलाचे संरक्षण मिळत नाही. पंडित ठाकूरदास भार्गव यांच्यासारख्यांनी त्यावर सभागृहात कडक टीका केली. देश नुकताच फाळणीतून निघाला होता, ही त्यामागील परिस्थिती. तरी ती वाट आजही उघडी आहे, हे विसरता येत नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातील गरिबांच्या मुलांस उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी पेरलेले बीज पुढे वाढत गेले. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, प्रक्रिया न्याय्य व वाजवीच असली पाहिजे. १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात अटकेचा मेमो, नातलगास खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी यांचे दंडक घातले गेले. २०१० साली संमतीवाचून नार्को चाचणी करण्यास मनाई झाली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या निकालपत्रात १९४७ च्या बाबासाहेबांच्या मसुद्याचा उल्लेख आहे. सत्तर वर्षांपूर्वी गळालेले कलम असे निराळ्या दाराने घरात आले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तीनुसार साक्षीदारास चौकशीस बोलवावयाचे तर पोलिसाने लेखी आदेश द्यावा लागतो. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, त्यांची विचारपूस घरीच व्हावयास हवी. जबाबावर साक्षीदाराची सही घेता येत नाही. झडतीस पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी हवी, तिची प्रत घरधन्यास मिळावयास हवी आणि सर्व प्रकाराचे चित्रीकरण व्हावयास हवे. त्या रात्री ओसरीवर बसलेल्या बापास आम्ही एवढे जरी सांगितले असते, तरी त्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी आदेशाची मागणी करू शकला असता.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नव्हे. १० डिसेंबर २०२४ रोजी आमच्या परभणी शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद व दंगल झाली आणि पुष्कळ लोक पकडले गेले. त्यांतील कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु ज्या घटनेच्या अवमानावरून हे सारे घडले, तिच्याच २२ व्या कलमाची आठवण एका मातेस पुत्र गमावल्यावर करून द्यावी लागावी, यासारखी खंत नाही.

पोलीसही आपल्याच घरांतून गेलेले मुलगे आहेत. त्यांचे काम कष्टाचे आहे आणि चोरास शासन झालेच पाहिजे. आम्ही तपासाशी असहकार शिकवीत नाही. नम्रपणे कागद मागणे हा उद्धटपणा नव्हे, एवढेच आमचे सांगणे आहे. आपल्या संस्थेच्या वसतिगृहात थोर पुरुषांच्या तसबिरी आहेत. त्यांच्या शेजारी २०, २१ व २२ ही तीन कलमे सुवाच्य अक्षरांत लावावीत आणि वर्षातून एकदा एखाद्या वकिलाकडून मुलांस ती समजावून द्यावीत, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. फलक लिहिण्याचे काम आम्ही स्वतः करू. अक्षर अद्याप बरे आहे. इत्यलम्.